क्राऊनचं तेल

१८ ऑगस्ट, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. कारण एकच: मुलाखतीत केस स्टडी विचारतात, आणि नोंदी ठेवल्या की केस स्टडी होते. भावना लिहायच्या नाहीत. निरीक्षण, कारण, उपाय, निकाल.

पार्श्वभूमी. चाकणची नोकरी सुटलेली नाही. कंपनीने कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही, हे वेगळं. सध्या नांदुऱ्याला घरी आहे. दिवाळीनंतर परत जाणार.

केस: दादाचा ट्रक. लष्कराच्या लिलावातला, छोटा, उंच, दिसायला वाईट. पण मागच्या अ‍ॅक्सलमध्ये लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल आहे. आपल्या भागात असा दुसरा ट्रक नाही. साध्या ट्रकचं एक चाक चिखलात नुसतं फिरायला लागलं की सगळी ताकद त्याच चाकात वाया जाते आणि दुसरं उभं राहतं. ह्याच्या आत चकत्यांचा गठ्ठा आहे, तो दोन्ही चाकांना एकमेकांशी धरून ठेवतो. म्हणून पावसानंतर काळ्या मातीच्या पांदणीत, म्हणजे शेतात जाणाऱ्या वाटेत, दादाचाच ट्रक जातो. बाकीचे डांबरी रस्त्यावर उभे राहून बघतात. सोयाबीनच्या हंगामात दादाला फोन येतात ते ह्यासाठीच. घर त्याच्यावर चालतं. बाबांच्या गुडघ्यांनी स्टिअरिंग सोडलं त्याला बरीच वर्षं झाली.

दोष: हळू वेगात वळताना मागून कट-कट-कट असा आवाज येतो. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तर हमखास. वहिनी तो ऐकूनच चहा टाकते. ही काही इंजिनिअरिंगची पद्धत नाही.

१९ ऑगस्ट

तिघांचं म्हणणं घेतलं.

बाबा: बेअरिंग गेलं. (चूक. बेअरिंगचा आवाज सरळ रस्त्यावरही येतो.)

आई: ट्रक घेतला त्या दिवशी नारळ नासका निघाला होता. (नोंद घेतली.)

दादा: मावशी हाये ते. तो मागच्या अ‍ॅक्सलला मावशी म्हणतो. मावशी कुरकुर करते पण काम करते, तू काऊन तिच्या मागं लागली वं छकुले, असं म्हणाला. माझं वय, डिप्लोमा, डिग्री, कशाचाही परिणाम न होता मी ह्या घरात छकुलीच आहे.

माझं निदान: तेल चुकीचं आहे. अशा डिफरेन्शियलला साधं गिअर ऑइल चालत नाही. त्यात घर्षण मऊ करणारं अ‍ॅडिटिव्ह लागतं, नाहीतर चकत्या धरतात-सोडतात, धरतात-सोडतात. तोच हा आवाज. दादाने बसस्टँडमागच्या शाकिरभाईंकडून साधं "क्राऊनचं तेल" भरलं होतं (इथे सगळे डिफरेन्शियलला क्राऊनच म्हणतात). विचारलं कुठलं. म्हणाला, लाल डब्यातलं.

उपाय सरळ आहे. आठवड्यात संपेल.

२२ ऑगस्ट

पोळा. दादाने ट्रकच्या बोनेटला बैलासारखा शेंदूर लावला, आरशाला झूल बांधली. मी तेलाच्या प्रतींबद्दल वाचत होते. GL-4 की GL-5: GL-5, वाद नाही. जाडी ८५W-१४० की ८०W-९०: आपल्याकडचा उन्हाळा बघता पहिलं, पण थंडीत सकाळी ते गुळाच्या पाकासारखं होतं. LS, म्हणजे लिमिटेड-स्लिपचा शिक्का असलेलं तयार तेल घ्यायचं की साध्यात अ‍ॅडिटिव्ह वेगळं घालायचं? वेगळं घातलं तर प्रमाण आपल्या हातात राहतं. वेगळं.

दादाने संध्याकाळी नैवेद्याची पुरणपोळी ट्रकच्या मागच्या चाकापाशी ठेवली. मावशीले, म्हणाला. सगळे हसले. मी वर बघितलं नाही.

२७ ऑगस्ट

शाकिरभाईंच्या दुकानात गेले. मी GL-5 म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली. त्यांचं ज्ञान असं: महाग तेल चांगलं असतं, आणि अ‍ॅडिटिव्ह म्हणजे जेवणातलं तूप, जितकं जास्त तितकं अंगी लागतं. ताई, मोठी बाटली घेऊन जा, उरली तर परत आणा, आपल्या घरचंच दुकान हाय. मी म्हटलं, गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात लिटरला चाळीस मिली आहे. ते म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्यानं नांदुऱ्याचा उन्हाळा पाह्यला काय?

मोठी बाटली घेतली. पुस्तकाप्रमाणेच वापरणार.

३१ ऑगस्ट

आधीचं माप घेतलं. हे कुणी करत नाही, म्हणून मुद्दाम. माझा वर्गमित्र हरिओम आयटीआयला शिकवतो, त्याच्याकडून टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, आणला. एक मागचं चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर, वर उचललेलं चाक फिरवायला किती जोर लागतो ते बघायचं. तो जोर म्हणजे चकत्यांची पकड. पुस्तकात किमान सत्तर न्यूटन-मीटर. आला एकशे दहा. उत्तम.

म्हणजे पकड आहे, फक्त आवाज जास्त आहे. प्रश्न आता स्पष्टपणे आवाजाचाच आहे.

दादा पानाची पिंक टाकून म्हणाला, मंग मावशी ठीक हाये नं? मी समजावून सांगितलं की ठीक असणं आणि योग्य असणं ह्यात फरक असतो. तो म्हणाला, हाव, तू सांगशील ते.

४ सप्टेंबर

जुनं तेल काढलं. काळं, जळक्या वासाचं. नवीन भरलं, अ‍ॅडिटिव्ह पुस्तकाप्रमाणे. दादाने मैदानात ट्रक आठच्या आकड्यात फिरवला. आवाज निम्म्याहून कमी.

वहिनी म्हणाली, कोपऱ्यावर आता कान देऊन ऐकावं लागते. ती तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

निम्म्याहून कमी म्हणजे शून्य नव्हे.

९ सप्टेंबर

एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत. केस स्टडी सांगितली. समोरच्याने विचारलं, सो इज द नॉइज गॉन? मी म्हटलं, ऑलमोस्ट. त्याने मान हलवली आणि काहीतरी टाइप केलं.

ऑलमोस्ट हा शब्द पुन्हा वापरायचा नाही.

११ सप्टेंबर

विचार केला. पुस्तकातलं प्रमाण नव्या चकत्यांसाठी आहे. ह्या चकत्या जुन्या, काचेसारख्या झालेल्या. जुन्या चकत्यांना जास्त लागणार. ही सुधारणा मी तर्काने काढली आहे, अंदाजाने नाही. दुप्पट घातलं.

आवाज: फक्त पूर्ण वळणावर, एकदा. कट. बस.

१५ सप्टेंबर

कंपनीचा मेल आला. त्यांनी दुसरा उमेदवार घेतला. विषय संपला.

तो एकटा कट मला रात्री अंथरुणातही ऐकू येतो. हे निरीक्षण केसशी संबंधित नाही, खोडायचं.

१७ सप्टेंबर

तिप्पट.

आवाज शून्य. मैदानात दोन्हीकडून पूर्ण वळण घेतलं, मी मागे पळत जाऊन कान लावला. टायर मातीवर दाबल्याचा आवाज येतो फक्त. दादा खाली उतरला, ट्रकभोवती फिरला, मागच्या अ‍ॅक्सलजवळ वाकून म्हणाला, मावशी, झोपली काय वं?

मग मला म्हणाला, जमलं बे तुले. वं न म्हणता बे म्हणाला, जसं मित्रांना म्हणतो. त्याने तसं आधी कधी म्हटलं नव्हतं. नोंद म्हणून लिहिलं.

१९ सप्टेंबर

दादा गावभर सांगत सुटला आहे. शाकिरभाईंच्या दुकानात, टपरीवर, रेल्वे फाटकापाशी. आमच्या छकुलीनं केलं, आता गाडी मख्खन झाली. शाकिरभाईंनी अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्या काउंटरवर पुढे मांडल्या आहेत.

आज दादा घरी आला ते कुणालाच कळलं नाही. चहा उशिरा झाला. वहिनी वैतागून म्हणाली, भुतासारखे येता आता. दादाने दारातच तोंडाने घंटी वाजवून दाखवली, ट्रिंग ट्रिंग, चहा मिळेल काय. हसू आलं. मी चहा घेत नाही, त्यामुळे मला फरक पडत नाही.

२३ सप्टेंबर

नंतरचं माप घेतलं, रिपोर्ट पूर्ण व्हावा म्हणून. तसं गरजेचं नव्हतं.

वाचन: चौदा.

पुन्हा घेतलं. चौदा. दुसऱ्या बाजूचं चाक उचलून घेतलं. पंधरा.

हे शक्य नाही. किमान सत्तर हवं. नवं तेल, योग्य अ‍ॅडिटिव्ह, आवाज शून्य, आणि पकड चौदा? आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे एक आकडा खोटा आहे. आवाज शून्य आहे हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. म्हणजे रेंच बिघडला. मागच्या आठवड्यात तो दादाच्या केबिनमधून खाली पडला होता, आठवलं. पडल्यावर स्प्रिंग सैल होते.

रेंच हरिओमला परत पाठवला, कॅलिब्रेशन तपासून कळव असं सांगून. रिपोर्टमध्ये दुसरं वाचन घेतलं नाही. बिघडलेल्या उपकरणाचं वाचन देणं अप्रामाणिकपणा ठरेल.

२ ऑक्टोबर

दसरा. ट्रकची पूजा. आईने माझ्या पान्यांनाही हळदकुंकू लावलं. बाबा पहिल्यांदाच म्हणाले, बेअरिंग नव्हतं बरं का. त्यांच्याकडून ही कबुलीच.

हरिओमचा निरोप नाही. आयटीआयला सुट्ट्या आहेत.

कोरड्या जमिनीवर सोयाबीनच्या खेपा सुरू. ट्रक छान चालतो. दादा म्हणतो, वळायलेही हलका झाला, आधी पुढचं टोक सरळ पळायचं. बरोबर आहे. पकड कमी झाली की वळण हलकं होतं.

वरचं वाक्य चुकीचं लिहिलं. घर्षण कमी झालं की, असं हवं.

१२ ऑक्टोबर

दिवाळीनंतर परत जायचं ठरलंच आहे. कुठे ते ठरायचं आहे. केस स्टडी बारा पानांची झाली. निष्कर्षाचं पान सर्वात चांगलं जमलं आहे. "ग्राहकाचे समाधान: पूर्ण." ग्राहक म्हणजे दादा.

फक्त चिखलातला फोटो नाही. पाऊस नसल्यामुळे चाचणी राहिली. एक फील्ड व्हॅलिडेशन करून टाकायचं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. हरिओमला दोनदा फोन केला. एकदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागण्याआधी मी कट केला. सणाच्या दिवशी कामाचं बोलू नये.

२६ ऑक्टोबर

अवकाळी. दुपारपासून थांबलेला नाही. काढून ठेवलेलं सोयाबीन शेतातच आहे लोकांचं. संध्याकाळपासून दादाचा फोन सारखा वाजतो आहे.

इंद्रभान काका घरीच आले. नदीकडचं शेत, पोती भरून ताडपत्रीखाली ठेवलेली, खालून पाणी लागायला लागलं. ट्रॅक्टरवाले नाही म्हणाले, पांदणीत गाळ झाला. गजेंद्रा, तुह्याच गाडीचा भरवसा हाय बाप्पा. दादा म्हणाला, थोडं निथळू द्या काका, बुधवारी काढू. आन् आता तं गाडीले छकुलीनं नवीन तेल देल्लं, फसायचा सवालच नाई.

मी म्हटलं, मी पण येते. फोटो हवा आहे.

२८ ऑक्टोबर

उद्या जायचं. झोप लागत नाही, पण ती पावसाच्या आवाजाने.

जाण्याआधी एकदा जॅक लावून हाताने चाक फिरवून बघायचं मनात आलं. रेंच नसला तरी हाताला कळतं. अंगणात पाणी आहे, जॅक रुतेल. शिवाय दादा विचारेल, आता काऊन? आणि सांगायला माझ्याकडे काही नाही, कारण तेल बरोबर आहे.

उद्या बघून घेऊ.

२९ ऑक्टोबर

घटनेचा अहवाल. ठिकाण: इंद्रभान यांच्या शेताकडे जाणारी पांदण. मातीची स्थिती: वरून निथळलेली, आत ओली. वाहन: पोती भरलेले, परतीच्या मार्गावर.

चढावर उजवे मागचे चाक गाळात फिरू लागले. डावे मागचे चाक उभे होते. साध्या ट्रकसारखे.

चालक गजेंद्र उत्तमराव खाली उतरले. त्यांनी स्टिअरिंगवर बसण्यास दुसऱ्या व्यक्तीस सांगितले. सदर व्यक्तीकडे वैध परवाना आहे. ते मागे गेले व फिरणाऱ्या चाकाखाली बाभळीच्या फांद्या व रिकामी पोती घालू लागले. हळू रेस दे वं, असे त्यांनी सांगितले. रेस हळू दिली गेली. चाकाने पोते ओढून घेतले व अचानक पकड घेतली. वाहन मागून उजवीकडे सरकले.

इंद्रभान यांनी ओरडून थांबवण्यास सांगितले. वाहन तत्काळ थांबवण्यात आले.

गजेंद्र यांचा उजवा पाय चाक आणि बांधावरच्या दगडामध्ये होता.

मोबाइलमध्ये फोटो काढला गेलेला आहे. चुकून. मी तो उघडलेला नाही.

३१ ऑक्टोबर, अकोला

गुडघ्याखाली काढला. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर गुडघ्याच्या वर कापावा लागला असता. पांदणीतून ट्रॅक्टरने आणायला वेळ लागला. तिकडे जाणारी एकच गाडी होती, ती तिथेच फसलेली होती.

आई बाकावर बसून आहे. बाबा उभे आहेत. बसा म्हटलं तर बसत नाहीत. वहिनीने मला एकच विचारलं, जेवली काय?

४ नोव्हेंबर

मूळ कारणांचा विचार केला. एक: उतार. दोन: मातीचा थर. तीन: जादा भार, चार पोती ठरल्यापेक्षा जास्त होती. तेलाचा संबंध सिद्ध होत नाही. असा गाळ असेल तर कुठलंही डिफरेन्शियल.

दादा शुद्धीवर आल्यापासून भेटायला येणाऱ्यांना हेच सांगतो आहे. चिखलच तसा होता बे. एखांद्या दिवशी होते असं. तिनं तं हळूच रेस देल्ली होती. म्या सांगतलं तशीच.

गाडी रोज चालवणाऱ्या माणसाचं मत म्हणून ह्याला वजन आहे. त्याचं मत माझ्या विश्लेषणाशी जुळतं.

मी वॉर्डात फार वेळ थांबत नाही. तिथे गर्दी नको असते.

८ नोव्हेंबर

हरिओमचा मेसेज. रेंच तपासला. अचूक आहे, एक टक्क्याच्या आत. उशीर झाला, सॉरी, दादा कसे आहेत?

उत्तर लिहिलं: थँक्स. पाठवलं.

मग बराच वेळ मेसेज पुन्हा वाचला. एका वाक्यात काही लपत नाही. तरी वाचला.

शक्यता: माप घेताना ट्रकचं दुसरं चाक थोडं उचललेलं असेल. दोन्ही बाजूंनी? दोन्ही बाजूंनी.

१६ नोव्हेंबर

दादाला घरी आणलं. खाट पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, म्हणजे रस्ता दिसतो. ट्रक इंद्रभान काकांनी दोन ट्रॅक्टर लावून काढला आणि आमच्या दारासमोर आणून ठेवला. त्यांची पोती भिजली. तरी ते दादासाठी शेतातल्या वाळकांची पिशवी ठेवून गेले.

आईने ट्रकवर ताडपत्री टाकायला लावली. दादाने काढायला लावली. दिसू दे, म्हणाला.

२५ नोव्हेंबर

बारा पानांची केस स्टडी मोबाइलवरून काढून टाकली. मग रिसायकल बिनमधूनही.

शाकिरभाई भेटायला आले. दादाचा हात धरून बसले, दुवा केली. जाताना दाराशी मला म्हणाले, ताई, तुमच्या त्या बाटलीची लई मागणी हाय आता, सगळेच म्हन्तात आवाज गेला पाह्यजे. कुणाकुणाला दिली विचारलं. त्यांनी तिघांची नावं सांगितली. दोघांचे ट्रक साधे आहेत, त्यांना काही होणार नाही. तिसऱ्याकडे तसंच लष्करी डिफरेन्शियल आहे, लांब सुलतानपूरकडे कुठेतरी. मी नंबर घेतला आणि फोन केला. त्याला म्हटलं, काढून टाका, सगळं काढून टाका. त्याने विचारलं, कोण बोलते? मी म्हटलं, कंपनीतून.

६ डिसेंबर

ट्रक विकायचं ठरलं. बाबांनी ठरवलं, दादाने मान हलवली. भगवानराव म्हणून मलकापूरकडचे आहेत, वीटभट्टी आहे त्यांची, माती ओढायला हवा.

आज ते चालवून बघायला आले. मैदानात फिरवला, पूर्ण वळण घेतलं, खिडकीतून कान बाहेर काढला. उतरून म्हणाले, आवाजच नाई हो गाडीले. जुन्या गाडीले एवढी शांतता म्या पाह्यली नाई. कोणं केलं काम?

दादा खाटेवरून म्हणाला, आमची बहीण इंजिनिअर हाये.

मी भांडी घासायला आत गेले. भांडी घासलेली होती.

१३ डिसेंबर

उद्या भगवानरावांचा माणूस ट्रक न्यायला येणार.

दुपारी ट्रक मागच्या मोकळ्या जागेत नेला. नेहमीची सर्व्हिस. तसं कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. डिफरेन्शियलचं तेल काढलं. स्वच्छ होतं, मधासारखं. दोनदा धुऊन घेतलं, म्हणजे चकत्यांमधलंही निघावं. मग नवं भरलं. अ‍ॅडिटिव्ह पुस्तकाप्रमाणे. मेजरिंग कपची रेघ डोळ्यांच्या समोर धरून भरलं आणि रेघेवर थांबले.

हरिओमला फोन केला होता. तो स्वतः रेंच घेऊन आला. त्याने विचारलं नाही कशाला. वाचन त्यानेच घेतलं, मी फक्त चाक धरलं. अठ्ठ्याण्णव. तो म्हणाला, परफेक्ट. मी म्हटलं, हो.

हरिओम गेला. संध्याकाळी ट्रक पुन्हा दारासमोर लावायला आणला. गल्लीच्या कोपऱ्यावर पहिल्या गिअरमध्ये पूर्ण वळण घेतलं.

कट. कट. कट.

मऊ, पण स्पष्ट. भगवानरावांना उद्याच ऐकू जाईल. ते फोन करतील, आवाज काढून द्या म्हणतील. त्यांना काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही. गाडीत पुस्तक ठेवलं आहे, त्या पानात कागद घालून.

ट्रक लावला. हात धुतले. आत गेले तर वहिनी ओट्याशी उभी होती. गॅसवर चहा उकळत होता आणि बाजूला दादाचा केबिनमधला स्टीलचा ग्लास काढून ठेवलेला होता. तिने एकदा ग्लासकडे बघितलं, एकदा पुढच्या खोलीकडे, जिथे तो सकाळपासूनच होता. गॅस बंद करायला तिचा हात गेला नाही.

पुढच्या खोलीतून दादाचा आवाज आला. छकुले. मावशी उठली काय वं?

मी म्हटलं, हाव.



चहा उतू गेला.